आत्याबाईची तीन तोंडं

पॉलिशवाल्या झिलईने हात फिरवलेल्या टेबलावर माशी बसली, तर ती पाय घसरून थेट पलीकडच्या काठावरून खाली पडते, असं लोक म्हणत. ही थाप होती, आणि ती झिलईनेच पसरवली होती. पण एकदा ते टेबल पाहिलं की तिला खोटी म्हणायला जीभ रेटत नसे. एका बाईने म्हणे त्याच्याकडून कपाटाला पॉलिश करून घेतलं आणि घरातले आरसे वाटून टाकले. एका वकिलाला आपल्या टेबलात स्वतःचं तोंड इतकं स्वच्छ दिसलं की त्याने वकिली सोडून माशा मारायला घेतल्या, आणि माशा तर टेबलावर टिकत नव्हत्या, म्हणून तो तेही सोडून घरी बसला. असल्या शंभर गोष्टी. लाख, स्पिरिट आणि गप्पा या तीन गोष्टींवर झिलईचं दुकान चालायचं. त्याचं पाळण्यातलं नाव फक्त तुरुंगाला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, आणि बहीण ते घेत नसे. ती त्याला धाकट्या म्हणायची.

बहिणीला सगळा मोहल्ला अक्का म्हणे. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन होतं, आणि ती नवीन काही शिवत नसे; चेन बदल, पँट आखूड कर, कंबर सैल कर, तीच कंबर पुन्हा घट्ट कर, अशी कामं. लोक जाडे होतात आणि रोडावतात, यावर अक्काचं घर उभं होतं. लोक आहेत तसे राहिले असते तर ती उपाशी मेली असती.

भावंडांचे वडील तराजू दुरुस्त करायचे. काट्याचा माणूस. रतीभर खोटं त्यांना चालत नसे, आणि ते सापडलं की हातही सैल सुटायचा. त्यामुळे धाकट्याने काच फोडली की अक्का सांगायची, वाऱ्याने फुटली. धाकट्याने दुधाचं भांडं लवंडलं, वाऱ्याने लवंडलं. शाळा बुडवली तर वाऱ्याने दार लागलं आणि बिचारा आत अडकला. त्या घरातल्या वाऱ्यावर इतके आरोप झाले की पुढे पुढे तो त्या गल्लीत शिरायलाच कचरायचा म्हणतात. वडिलांना कळत नव्हतं असं नाही. पण मुलगी डोळ्याला डोळा लावून सांगायची, आणि तराजूवाल्या माणसाला वाऱ्याचं वजन करता येत नव्हतं.

झिलई प्यायचा तेही त्याच्या थापांसारखंच, प्रमाणाबाहेर. एका भर दुपारी, तो पॉलिश करायचा त्या फर्निचरच्या कारखान्याचा टेम्पो घेऊन तो कपाट पोचवायला निघाला आणि फुटपाथवर चढला. तिथे एक चप्पल शिवणारा बसला होता. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची सोय पाहिली, त्याचाच एक पाय गेला. यात थाप नाही. झिलईनेही यावर कधी गोष्ट रचली नाही. बाकी सगळ्या जगाला त्याने पॉलिश केलं, तेवढी फळी कोरडी ठेवली.

शिक्षा संपायच्या आधी त्याला सोडलं, ते अटींवर. बहिणीच्या घरी राहायचं, कारखान्यात कामाला जायचं, दारूला शिवायचं नाही, आणि फोनमध्ये एक ॲप बाळगायचं. देखरेखीला एक अधिकारी बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. तरुण, दमलेल्या, टेबलावर वाळकं झाड. त्यांनी अक्काच्या जुन्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं आणि नीट समजावून सांगितलं. ॲपची कामं दोन. एक, फोनला जोडायची नळी. दिवसातून कधीही हाक येईल, तेव्हा कॅमेऱ्यासमोर तोंड धरून नळीत फुंकायचं. हिरवं आलं तर ठीक. लाल आलं तर परत आत. तिथे मॅडमचंही काही चालायचं नाही. दुसरं काम म्हणजे तोंडं. रोज सकाळी फोन विचारणार, आज कसं वाटतंय? आणि तीन तोंडं दाखवणार: हसरं, मधलं आणि रडकं. जे खरं असेल ते दाबायचं. रडकं दाबलं तर समुपदेशक फोन करेल, बोलेल, लागेल ती मदत करेल.

अक्काने विचारलं की हे तोंडांचं कोण बघतं. मॅडम म्हणाल्या, फक्त समुपदेशक. ते आपल्याला दिसतसुद्धा नाही, त्याचा नळीशी संबंध नाही.

बाहेर पडल्यावर जिन्यात अक्का म्हणाली, "एका पिंपाला दोन तोट्या, आणि म्हणे पाणी वेगळं."

झिलई हसला. "अक्का, ही तर आपली आत्या."

दोघांनाही ती आत्या पुरती आठवत होती. सुटीत यायची, हनुवटी धरून, पाठीवरून हात फिरवून पोरांच्या पोटातलं सगळं काढून घ्यायची, आणि संध्याकाळी भावाच्या पानाशी बसून ते जसंच्या तसं ओतायची. त्या आत्याच्या मायेने जेवढा मार मिळाला तेवढा दुश्मनाने दिला नसता. तेव्हापासून घरात ॲपचं नाव आत्याबाई पडलं. सकाळी फोन वाजला की झिलई म्हणायचा, उठा, आत्याबाई हनुवटी धरायला आल्या.

आता इथे एक अडचण निघाली, जी ॲप बनवणाऱ्या शहाण्यांच्या स्वप्नात आली नसेल. पॉलिशवाल्याची बोटं तुमच्याआमच्यासारखी नसतात. काचकागदाने घासून त्यांच्या रेषा गेलेल्या असतात, आणि वर लाखेचे थर चढून चढून टोकं शिंगासारखी होतात. झिलई ऊन चहाचा ग्लास काठाखाली धरायचा, चटका बसत नसे. फोनच्या काचेला त्याचं बोट लागलंय हे कळतच नव्हतं. तो दाबायचा, दोनदा दाबायचा, ठोकायचा. तोंडं आपली तिथल्या तिथे. तो म्हणाला, फोनच्या हिशोबी मी मेलेलाच आहे. फुंकायला बोट लागत नव्हतं, नळी फुंकरीवर आपोआप चालू व्हायची. पण तोंडं दाबायला माणूस हवा. तो माणूस म्हणजे अक्का. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसून चहा प्यायचा, सांगायचा, आणि ती दाबायची. मॅडमना हे कळवायला पाहिजे होतं. पण बोटं चालत नाहीत म्हटलं तर काम बदलायला लावतील, आणि झिलईला दुसरं काम येत नव्हतं. म्हणून अक्काने ठरवलं की हे घरातलं घरात राहू दे.

सुरुवातीला तो हसरं म्हणायचा आणि ती हसरं दाबायची. त्यावर फोनमधली बाई म्हणायची, "वा! आजचा दिवस तुमचा आहे." झिलई म्हणायचा, मग आत्याबाई, तुमचा कुठला? आणि कामाला जायचा. संध्याकाळी तो अक्काच्या गिऱ्हाइकांना तुरुंगातल्या गोष्टी सांगे. जेलरच्या टेबलाला त्याने असं पॉलिश केलं की जेलर रोज सकाळी स्वतःलाच सलाम ठोकू लागला, आणि आपण आपल्याहून मोठ्या साहेबाच्या हाताखाली आहोत असं वाटून फार नरमला. गिऱ्हाइकं हसायची, शिवण तयार झालं तरी बसून राहायची. अक्का खाली मान घालून टीप मारायची आणि तिलाही बरं वाटायचं.

मग एका सकाळी तो मधलं म्हणाला. सहज म्हणाला, बिस्कीट बुडवता बुडवता. अक्काचं बोट मधल्या तोंडावर गेलं आणि थांबलं. मधलं म्हणजे काय? न हसणं, न रडणं. अटींवर सुटलेल्या माणसाने असं तोंड केलं तर कोण विश्वास ठेवील? तिने हसरं दाबलं. फोन म्हणाला, वा. झिलईने वर पाहिलं. कदाचित त्याला वाटलं असेल, आत्याबाई सगळ्यालाच वा म्हणतात. पुढे त्याने मधलं म्हटलं की ती हसरंच दाबे. तिला यात पाप वाटत नव्हतं. काच फुटली होती आणि तिने वाऱ्याचं नाव सांगितलं होतं, एवढंच.

कारखान्याचा मालक म्हणजे मिस्त्री. बोलायला तिखट, पण टेम्पो गेला, नाव गेलं, तरी त्याने झिलईला पुन्हा कामावर घेतलं होतं. पॉलिशच्या खोलीत स्पिरिटचा वास भरलेला असे, आणि त्या हवेत नळीत फुंकलं तर देवालाही लाल आलं असतं; म्हणून मिस्त्रीने मागच्या अंगणात नळाजवळ एक स्टूल टाकून दिलं होतं. हाक आली की झिलई बाहेर जायचा, तोंड धुवायचा, चार श्वास घ्यायचा आणि मग फुंकायचा. कामगार त्याला म्हणत, चला, वाजंत्री निघाले.

आणि मग कोर्टाचं काम आलं. जुनी बाकं, साहेबाचं मेज आणि आरोपीचा कठडा. सगळं नव्याने चकचकीत करून द्यायचं होतं. कठडा झिलईच्या वाट्याला आला. हाच तो कठडा, ज्याला धरून तो उभा होता आणि समोर चप्पलवाला कुबडीवर उभा होता. लाकूड पाहताच त्याने ओळखलं. लाकडाला लाकूडवाला विसरत नाही. हाताशी धरायच्या जागी, आतल्या बाजूने, नखांचे ओरखडे होते.

त्या संध्याकाळी त्याने एकही थाप मारली नाही. एक गिऱ्हाईक जेलरची गोष्ट ऐकायला मुद्दाम थांबलं होतं, ते ताटकळून गेलं. अक्काच्या हातातली सुई थांबली, पण तिने विचारलं नाही. जेवताना तोच बोलला. म्हणाला, ओरखडे घासले तर जातात, पण खाली आणखी निघतात. माझ्या आधी किती जणांनी तिथे नखं रोवली असतील कोण जाणे, आणि यातले माझे कुठले ते आता कळतसुद्धा नाही. मग बराच वेळ भाताशी खेळत राहिला, आणि म्हणाला, "इतकी वर्षं स्पिरिटचा वास बाहेरून नाकात जायचा. आज आतून येतोय."

अक्काने त्याला आणखी वाढलं. दुसरं तिला काय येत होतं?

सकाळी फोन वाजला. तो स्टुलावर येऊन बसला. चहा घेतला नाही.

"अक्का, आज रडकं दाब."

"काय झालं एवढं?"

"काही झालं नाही. होईल असं वाटतंय. दाब तू. त्या दिवशी त्या बाई म्हणाल्या ना, कुणीतरी फोन करतं."

तो आत्याबाई म्हणाला नाही, हे अक्काच्या नंतर ध्यानात आलं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त मॅडमचं टेबल होतं आणि त्यावरचं वाळकं झाड. रडकं दाबलं की तिथे घंटा वाजणार. मग ते लोक येणार, विचारणार, याला काय होतंय, का होतंय, याला बाहेर ठेवायचा की आत. आत्या पाठीवरून हात फिरवणार आणि संध्याकाळी वडिलांच्या पानाशी जाऊन बसणार. तिने फोन मांडीवर आडवा धरला. मशीनखाली कुणाची तरी पँट लावलेली होती, पाय पायट्यावर होताच. तिने पायटा दाबला. मशीन खडखडत सुटलं, आणि त्या खडखडाटात तिने हसरं दाबलं. फोन काय म्हणाला ते तिलाच ऐकू आलं नाही, तर त्याला कुठून येणार?

"दाबलंस?"

"दाबलं."

"मग करतील ना फोन?"

"करतील की. मोठी माणसं ती, त्यांना सवडीने सुचतं."

तो गेल्यावर तिने खाली पाहिलं तर पँटचा एक पाय तिने आरपार शिवून बंद करून टाकला होता. तो पाय ती उसवत बसली. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे शिवणारं कुणीही सांगेल.

त्या दिवशी कारखान्यात काय झालं ते मिस्त्रीने तिला मागाहून सांगितलं. झिलईने फोन खिशात ठेवला नाही, समोर फळीवर उभा करून ठेवला. फोन जरा घुरघुरला की हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि बघायचा. पॉलिशचा हात अर्धा असताना पॉलिशवाला बोळा खाली ठेवत नाही. ठेवला की तिथे डाग धरतो. कठड्यावर त्या दिवशी इतके डाग धरले की मिस्त्रीने त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला. दुपारी एकदा खरंच फोन आला. बाईचा आवाज, गोड. शेजारच्या कामगाराने बोट लावून तो घेऊन दिला, आणि झिलई अंगणात पळाला, स्टुलावर बसला आणि बोलू लागला. हो ताई, त्रास होतोय. वास जात नाही, ताई. आज नाही प्यालो, पण उद्याचं सांगता येत नाही. मिस्त्री दाराशी उभा राहून ऐकत होता. खूप वेळाने त्याने पुढे होऊन फोन स्वतःच्या कानाला लावला. ती बाई यंत्रातली होती. दात पांढरे करून देणाऱ्या कुठल्याशा दवाखान्याची योजना ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि अधिक माहितीसाठी एक दाबा म्हणत होती.

कामगारांनी ही गोष्ट आठवडाभर पुरवून पुरवून वापरली असती. पण झिलई स्वतः हसला नाही, आणि मग कुणालाच हसणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं की काल नीट दाबलं होतंस का. अक्का म्हणाली, तुझ्यासमोरच तर दाबलं. मग आज पुन्हा दाब, तो म्हणाला, जोरात दाब. तिने पायटा दाबला. या वेळी मशीनखाली कापड नव्हतं, नुसतीच सुई खालीवर होत राहिली. त्याने मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिने वर पाहिलं, थेट त्याच्या डोळ्यांत, लहानपणी वडिलांकडे बघायची तसं. तो उठून गेला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याने चहा मागून घेतला. बिस्कीट बुडवलं. म्हणाला, "हसरं दाब, अक्का. त्यांना तेच आवडत असावं."

आणि अक्काला हायसं वाटलं. हे लपवून उपयोग नाही; तिला इतकं हायसं वाटलं की तिने त्या सकाळी एका गिऱ्हाइकाची चेन फुकट बदलून दिली. तिला वाटलं, निघून गेलं पोराच्या डोक्यातून. घोट पिऊन, अंग झटकून, वारा जातो तसं गेलं.

दुपारी कठडा पुरा झाला. मिस्त्री सांगतो, असा कठडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता. झिलईने बोळा धुतला, हात धुतले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आला आणि अंगणातल्या स्टुलावर बसून बाटली संपवली. लपून नाही, घाईने नाही, औषध घेतात तसं. मग फोनने नळीसाठी हाक दिली. मिस्त्री म्हणाला, फुंकू नकोस, फोन नळाखाली धर, बिघडला म्हणून सांगू, मी साक्ष देतो. झिलईने त्याला बाजूला सारलं. कॅमेऱ्यात बघून केस सारखे केले. आणि फुंकलं. लाल आलं तेव्हा म्हणाला, "बघ मिस्त्री, इथून मात्र ऐकू जातं."

खरंच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या, बरोबर दोन पोलीस. शिवणाची खोली तेवढ्या माणसांनी भरून गेली. एक पोलीस कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला. झिलईने पिशवी भरून ठेवली होती. अक्काने त्याचा स्वेटर शोधायच्या निमित्ताने दोनदा घर पालथं घातलं, आणि स्वेटर पिशवीत सगळ्यात वर होता. मॅडम म्हणाल्या की फोन घरी राहू दे, तिथे चालत नाही. निघताना तो उंबऱ्यावर थांबला.

"अक्का, आपण आत्याबाईंना उगाच नावं ठेवली. बिचारीने चुगली कुणाजवळच केली नाही. मी दोनदा सांगितलं, तर पोटातच ठेवलं."

अक्काने तोंड उघडलं. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण दोन पोलीस ऐकत होते, मॅडम ऐकत होत्या, आणि त्याच्या तोंडावर असा निवांतपणा होता, जणू आता कशाचीच वाट बघायची नाही. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. तो गेला.

मग ती मॅडमकडे गेली. आपण होऊन गेली, कुणी बोलावलं नव्हतं. वाळक्या झाडासमोर बसून तिने सगळं सांगितलं: त्याची बोटं, मधलं तोंड, रडकं तोंड, मशीन.  मॅडमनी समुपदेशकाला फोन लावला, तोंडांची नोंद मागवली, आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, सगळी हसरी आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. समुपदेशकांच्या यादीत हा सगळ्यात सुखी माणूस होता, म्हणून त्यांनी त्याला कधी फोन केला नाही. जी माणसं रडकं दाबतात त्यांना ते आधी बघतात. केंद्रात खाट असते, तिथे ठेवतात, कामावरून रजा मिळवून देतात. ते शिक्षेत धरत नाहीत, कारण ते नळीच्या आधीचं असतं.

"म्हणजे तुम्हाला खरंच दिसत नव्हतं?"

"मी तेव्हाच सांगितलं होतं, अक्का."

अक्काने विचारलं की आता हे वर कळवलं तर त्याला सोडतील का. नाही, मॅडम म्हणाल्या. लाल ते लाल. मग त्यांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. म्हणाल्या, हे मी लिहिलं तर पुढे कधी त्याच्या सुटकेची वेळ आली, तेव्हा तुमचं घर चालणार नाही. माहिती लपवणाऱ्या घरी कुणी सोडत नाही, आणि दुसरं घर त्याला नाही. "तोंडं कुणी दाबली म्हणून लिहू?"

सगळा जन्म तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. मॅडमही जणू त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. पण अक्काला वाटलं, एकदा तरी काटा सरळ राहू दे. खरं बोलल्याने काही होत असेल तर होऊ दे.

"मी दाबली," ती म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. झालं एवढंच, की झिलईच्या सुटकेच्या कागदावरून अक्काच्या घराचा पत्ता खोडला गेला. खोट्याने भाऊ आत गेला आणि खऱ्याने त्याची परत यायची वाट बंद झाली. वडील असते तर त्यांनी दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं असतं, आणि काटा हललासुद्धा नसता.

तिने त्याला भेटायला जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, काचेपलीकडून. झिलई ऐकत होता. रागावला असता तर तिला सोसलं असतं. तो म्हणाला, मला माहीत होतं, अक्का. दुसऱ्या दिवशी सुईखाली कापड नव्हतं. मग त्याने विचारलं की ती पँट कुणाची होती, पाय नीट उसवला गेला का, छिद्रं दिसत नाहीत ना. इथे त्याला पॉलिशचं काम देत नव्हते, स्पिरिट असतं म्हणून. ताटं धुवायला लावलं होतं. त्याने काचेला बोटं लावून दाखवली. लाख निघून गेली होती, आतली कातडी कोवळी, गुलाबी झाली होती. म्हणाला, आता फोनला कळेल बघ मी आहे ते.

अक्का त्यानंतरही जात राहिली. तो दर वेळी थोडा कमी बोलायचा. एकदाही थाप मारली नाही.

फोन घरीच होता. ॲप काही बंद झालं नव्हतं. ते बंद करायला म्हणे ज्याचं आहे त्याचं तोंड कॅमेऱ्यासमोर लागतं, आणि तिथे फोन चालत नाही. त्यामुळे रोज सकाळी आत्याबाई वाजायच्या. आज कसं वाटतंय? अक्का फोन पालथा करून ठेवायची. बंद मात्र करवत नसे. चार्जिंगही लावायची, का ते तिलाच ठाऊक. आणि एका सकाळी, हातात कुणाच्या तरी शाळेचा गणवेश होता, तिने फोन उचलला आणि तीन तोंडांकडे पाहत राहिली. आज कसं वाटतंय, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बापाने नाही, नवऱ्याने नाही. धाकट्याने तर नाहीच. त्याला वाटायचं, अक्का म्हणजे अक्का.

तिने रडकं दाबलं. नुसतं टेकवलं म्हणा ना.

गणवेशाचा काज पुरता विणून होण्याआधीच फोन वाजला.

"नमस्कार दादा," एक शांत आवाज म्हणाला. यंत्रातला नव्हता, मागे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, कुणीतरी खोकलं. "तुम्ही रडका चेहरा दाबलात ना, म्हणून लगेच फोन केला. बरं केलंत दाबलंत ते. बोला, काय होतंय? मला काही घाई नाही."

अक्काने फोन दोन्ही हातांनी धरला. तिला सांगायचं होतं की वास आतून येतोय. कठड्याला खाली खाली ओरखडेच निघतायत. असं बरंच होतं.

"दादा, आहात ना? ऐकतोय मी."

तो थांबला. खरोखरच थांबला, घाई केली नाही. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. तिचा पाय पायट्यावर होता, पण तिने तो दाबला नाही.

"माफ करा हं," अक्का शेवटी म्हणाली. "कुणी नाही इथे. ते वाऱ्याने दाबलं गेलं."

आणि फोन ठेवून तिने राहिलेला काज विणायला घेतला. बाहेर तारेवर वाळत टाकलेले कपडे जागच्या जागी लोंबत होते.